सातव्याचे गुण चौथ्यापेक्षा जास्त कसे? स्कॉटिश फुटबॉलचा हिशेब

2005-06 चा हंगाम संपला तेव्हा स्कॉटिश प्रीमियर लीगच्या गुणतालिकेचा मधला भाग असा होता: चौथा हिबर्नियन, 56 गुण. पाचवा किल्मारनॉक, 55. सहावा अॅबर्डीन, 54. आणि सातवा इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल, 58.

ही छपाईची चूक नव्हती. त्या वर्षी कोणी गुण कापलेले नव्हते, कोर्टकचेरीही झालेली नव्हती. इन्व्हरनेसने चौथ्या क्रमांकाच्या संघापेक्षा दोन गुण जास्त मिळवले आणि नियमाप्रमाणे तो सातवा आला. अजूनही दर वर्षी एप्रिल लागला की तिकडच्या बातम्यांत 'स्प्लिट' हा शब्द फिरायला लागतो आणि फोनवर तालिका उघडणारा नवखा माणूस गोंधळतो. हा गोंधळ सोडवायचा तर थोडं मागे जावं लागेल. कारण स्कॉटलंडमध्ये विजेता कोण हे गोलांनी ठरतं तितकंच मोजायच्या पद्धतीनंही ठरत आलंय, आणि ती पद्धत तिथे पुन्हा पुन्हा बदलली आहे.

देश एक, मग लीग वेगळी का?

स्कॉटलंड ब्रिटनचाच भाग, तरी त्याची लीग वेगळी, राष्ट्रीय संघ वेगळा. कारण साधं आहे: हे आधीपासून होते, जागतिक संघटना नंतर आली. फिफा स्थापन झाली 1904 मध्ये. स्कॉटलंडची फुटबॉल संघटना 1873 ची. त्याच्याही आधी, 30 नोव्हेंबर 1872 रोजी, ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. निकाल 0-0. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू एकाच क्लबचे होते: क्वीन्स पार्क.

क्वीन्स पार्क ही 1867 मध्ये स्थापन झालेली वेगळीच मंडळी. 'खेळायचं ते खेळासाठी' हे त्यांचं लॅटिन ब्रीद, आणि ते त्यांनी दीडशे वर्षं पाळलं. 2019 पर्यंत हा क्लब खेळाडूंना पगार देत नव्हता. 1884 आणि 1885 मध्ये तर हे लोक इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचले होते. दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सने हरवलं. पुढे 1887 मध्ये स्कॉटिश संघटनेने आपल्या क्लबांना इंग्लंडच्या स्पर्धेत खेळायला बंदी केली आणि दोन चुली कायमच्या वेगळ्या झाल्या.

अकरा सभासदांची संस्था

तोवर 'लीग' नव्हतीच. स्कॉटिश कप होता, म्हणजे बाद फेरीची स्पर्धा: हरलात की घरी. बाकी वर्षभर मैत्रीचे सामने. समोरचा येईल, नाही येईल. प्रेक्षक जमतील, नाही जमतील. लीग म्हणजे याच्यावरचा उपाय. ठरलेले संघ, ठरलेलं वेळापत्रक, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, आणि शेवटी गुणांची बेरीज. 1890 मध्ये अकरा क्लब एकत्र आले. आपल्याकडची सहकारी संस्था डोळ्यासमोर आणा: सभासद हेच मालक, तेच नियम करणार, तेच मत देणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या अकरांत तीन क्लब ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीच्या काठचे: डंबार्टन, रेंटन आणि व्हेल ऑफ लेव्हन. गावं एकमेकांपासून काही मैलांवर. तिथल्या कारखान्यांत 'टर्की रेड' नावाच्या गडद लाल रंगात सुती कापड रंगवलं जाई, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं मुंबई-कलकत्त्याचा बाजार. आपल्या पणजीच्या अंगावरच्या लाल कापडाचा आणि स्कॉटिश फुटबॉलच्या पहिल्या सुवर्णकाळाचा पैसा एकाच खोऱ्यातून गेलेला असू शकतो. व्हेल ऑफ लेव्हनने 1877 पासून सलग तीन वर्षं स्कॉटिश कप जिंकला. रेंटनने 1888 मध्ये इंग्लंडच्या कपविजेत्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला हरवलं आणि स्वतःला 'जगज्जेते' म्हणवून घेतलं. एवढ्याशा गावाने!

लीगने या गावांना तारलं नाही. रेंटनला तर पहिल्याच हंगामात पाच सामन्यांनंतर निलंबित केलं गेलं. आरोप असा की खेळाडूंना चोरून पैसे देणाऱ्या दुसऱ्या एका क्लबाशी ते खेळले. गंमत म्हणजे लीगची कल्पना मांडणारं पहिलं पत्र रेंटनच्याच चिटणीसाने धाडलं होतं. खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला 1893 मध्ये परवानगी मिळाली, आणि मग मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रेक्षकसंख्येपुढे खेड्यांचा निभाव लागेना. मूळ अकरांतले सेल्टिक, रेंजर्स, हार्ट्स, सेंट मिरेन आणि डंबार्टन एवढेच आज राष्ट्रीय लीगमध्ये आहेत.

गुण सारखे झाले तर?

इथे खरी मजा आहे, म्हणून जरा रेंगाळू.

पहिल्याच हंगामात, 1890-91 मध्ये, डंबार्टन आणि रेंजर्स यांचे गुण सारखे झाले, 29-29. आता काय? नियमात उत्तरच नव्हतं. एक जादा सामना खेळवला, तो 2-2 बरोबरीत सुटला. शेवटी दोघांनाही विजेते ठरवलं. डंबार्टनने हंगामभर रेंजर्सपेक्षा जास्त गोल केले होते आणि कमी खाल्ले होते, पण ते बघायचं कोणाला सुचलं नाही. 1904-05 मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स 41-41 वर अडले. रेंजर्सचा गोलांचा हिशेब कितीतरी सरस होता. तरीही जादा सामना झाला आणि तो सेल्टिकने 2-1 असा जिंकला.

नंतर 'गोल सरासरी' आली. मैदानातला शब्द आहे, पण आत फक्त भागाकार आहे: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. आज वापरतात तो 'गोलफरक' म्हणजे वजाबाकी: केलेले वजा खाल्लेले. दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं. तसं नाही.

दोन घरं घ्या. पहिल्याची कमाई 90 हजार, खर्च 49. दुसऱ्याची कमाई 62 हजार, खर्च 33. शिल्लक विचाराल तर पहिल्या घरात 41 हजार उरतात आणि दुसऱ्यात 29. पहिलं घर जिंकलं. पण खर्चाच्या एका रुपयामागे कमाई किती, असं विचाराल तर पहिल्याचे 1.84 आणि दुसऱ्याचे 1.88. आता दुसरं जिंकलं. वजाबाकी हात सैल सोडून कमावणाऱ्याला मानते, भागाकार काटकसर करणाऱ्याला.

हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. 1964-65 च्या हंगामात एडिंबरातल्या हार्ट्सने 90 गोल केले, 49 खाल्ले. किल्मारनॉकने 62 केले, 33 खाल्ले. दोघांचे गुण 50. शेवटच्या दिवशी हे दोघे हार्ट्सच्याच मैदानावर समोरासमोर होते. हार्ट्स दोन गुणांनी पुढे होता. 0-1 ने हरला असता तरी भागाकारात टिकला असता. तो 0-2 ने हरला. अखेरच्या क्षणी हार्ट्सच्या अॅलन गॉर्डनचा फटका गोलरक्षक बॉबी फर्ग्युसनने अडवला. तो आत गेला असता तर विजेता बदलला असता. किल्मारनॉकचं हे आजवरचं एकमेव लीग विजेतेपद, तेही दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या घरातल्या चार अंकांनी. वजाबाकी असती तर हार्ट्स आरामात विजेता होता.

साहजिकच हार्ट्सवाले चिडले. भागाकार जाऊन वजाबाकी यावी यासाठी त्यांनीही जोर लावला, आणि पुढे ती आली.

मग उजाडला 3 मे 1986. शेवटचा दिवस. हार्ट्स पुन्हा दोन गुणांनी पुढे, 27 लीग सामन्यांत पराभव नाही. डंडीविरुद्ध नुसती बरोबरी पुरे होती. सामना संपायला सात-आठ मिनिटं असताना अल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूने डंडीसाठी गोल केला, आणि थोड्याच वेळात दुसराही. तिकडे सेल्टिकने सेंट मिरेनला 5-0 ने धुतलं. पुन्हा 50-50. सेल्टिकचे गोल 67 आणि 38, हार्ट्सचे 59 आणि 33. वजाबाकी करा: सेल्टिक 29, हार्ट्स 26. आता भागाकार करा: सेल्टिक 1.76, हार्ट्स 1.79.

म्हणजे ज्या वर्षी भागाकार होता त्या वर्षी हार्ट्सला वजाबाकी हवी होती, आणि वजाबाकी आल्यावर भागाकार. हे वाचून हसावं की त्या लोकांच्या घरी सांत्वनाला जावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोठ्या क्लबांनाही हा फटका बसला आहे. 2002-03 मध्ये रेंजर्स आणि सेल्टिक दोघांचे 97 गुण. रेंजर्सचे गोल 101-28, सेल्टिकचे 98-26. फरक 73 आणि 72, म्हणजे एका गोलाने रेंजर्स विजेते. भागाकाराने सेल्टिक जिंकला असता. त्या हंगामातल्या कोणत्याही एका सामन्यातला कोणताही एक गोल आठवून आजही तिथे लोक वाद घालत असतील, आणि ते चूक नाहीत.

बरं, मग 'स्प्लिट' म्हणजे काय?

1975 पर्यंत वरच्या गटात 18 क्लब होते. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. 34 सामने, हिशेब स्वच्छ. पण त्यातले बरेचसे सामने एकतर्फी आणि प्रेक्षक आटत चाललेले. म्हणून 1975-76 पासून वरचा गट दहा क्लबांचा केला आणि प्रत्येकाशी चारदा गाठ ठेवली. पुढे दहाचे बारा, बाराचे दहा असं होत 2000 मध्ये पुन्हा बारा झाले.

बारा ही अडचणीची संख्या आहे. प्रत्येकाशी दोनदा खेळलात तर 22 सामने. हंगाम नाताळानंतर लगेच संपेल. चारदा खेळलात तर 44, खेळाडू मोडतील. तीनदा म्हणजे 33. म्हणून तोडगा काढला: 33 सामन्यांनंतर तालिका मधोमध कापायची. वरचे सहा आपापसात आणखी पाच सामने खेळणार, खालचे सहा आपापसात. एकूण 38. आणि कापल्यानंतर रेषा ओलांडायची नाही.

शाळेतल्या तुकड्या आठवा. सहामाहीच्या गुणांवर अ आणि ब तुकडी पाडली. नंतरच्या परीक्षेत ब तुकडीचा पहिला मुलगा अ तुकडीतल्या शेवटच्या तिघांपेक्षा जास्त गुण मिळवू शकतो. त्याची प्रश्नपत्रिकाही थोडी सोपी होती. पण हजेरीपटावर तो ब तुकडीतच राहतो. 2006 च्या इन्व्हरनेसचं हेच झालं.

'सरळ 18 संघ घ्या ना!'

हा आक्षेप दर वर्षी येतो आणि तो रास्त आहे. स्प्लिटमध्ये आणखीही वाकडेपणा आहे. तीनदा गाठ म्हणजे कोणाच्या तरी वाट्याला त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दोन सामने घरचे आणि एक बाहेरचा येणार. शेवटच्या पाच सामन्यांत ते सावरायचा प्रयत्न होतो, पण तालिकेच्या कोणत्या अर्ध्यात कोण येईल हे आधी माहीत नसतं. कधी एखाद्याचे घरचे सामने 20 होतात, कधी 18.

मग सोडत का नाहीत? आता ती सहकारी संस्था आठवा. नियम बदलायला सभासदांचीच मतं लागतात. 16 किंवा 18 संघांच्या लीगमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स तुमच्या मैदानावर वर्षातून एकेकदाच येणार. लहान क्लबासाठी ते दोन दिवस म्हणजे दिवाळीचा गल्ला. ते कमी करायला हात वर कोण करणार? शिवाय टीव्हीवाल्यांना या दोघांच्या आपसातल्या चार लढती हव्या असतात. त्यांना जी किंमत मिळते त्यावर बाकीच्यांचंही भागतं.

वर मतांची अट अशी की जुन्या प्रीमियर लीगमध्ये मोठ्या बदलाला बारापैकी अकरा मतं लागत. 2013 मध्ये वरच्या दोन गटांना प्रत्येकी बारा क्लब आणि खाली एकच अठरांचा गट, अशी योजना आली होती. सेंट मिरेन आणि रॉस काउंटी या दोघांनी विरोध केला, योजना पडली. त्याच वर्षी वरची आणि खालची अशा दोन वेगळ्या लीग संस्था एकत्र होऊन आजची स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग (एसपीएफएल) बनली: वर 12, खाली दहा-दहाचे तीन गट, एकूण 42 क्लब. स्प्लिट तसाच राहिला.

'जिंकतात तर दोघंच'

2024-25 पर्यंतचे आकडे घ्या. दुसऱ्या महायुद्धात लीग सात वर्षं बंद होती, ती वगळून 128 हंगाम. सेल्टिकची विजेतेपदं 55, रेंजर्सची 55. उरलेली नऊ क्लबांनी मिळून 19. (पहिल्या हंगामातलं जोडविजेतेपद दोघांच्याही खात्यात धरलंय, म्हणून बेरीज एकाने जास्त.) या दोघांखेरीज शेवटचा विजेता 1984-85 चा अॅबर्डीन, प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन. त्यानंतर सलग चाळीस हंगाम तिसरा कोणी नाही.

कारण पैसा, आणि पैशाचं कारण माणसं. सेल्टिकची सुरुवात 1887 मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीसाठी निधी जमवायला झाली, ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूच्या पुढाकाराने. रेंजर्सभोवती हळूहळू प्रोटेस्टंट शहर गोळा झालं. सामना राहिला बाजूला, कोण कुठला हा प्रश्न मैदानावर आला. शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्षा पाहिलेल्या कोल्हापूरकराला यातला अर्धा भाग सांगायला नको. दुसरा अर्धा, धर्माचा, जास्त कडू आहे. आज सेल्टिकच्या मैदानात सुमारे 60 हजार माणसं मावतात, रेंजर्सच्या 50 हजार. त्यांच्याखालच्या क्लबांची मैदानं वीस-बावीस हजारांची. पूर्वी तिकिटाच्या पैशात पाहुण्या संघाचाही वाटा असे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं आणि दरी रुंदावली.

(याच सेल्टिकसाठी 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम अनवाणी पायांनी, नुसती पट्टी बांधून खेळला. दोनच सामने, मुख्य संघाचेही नव्हेत. तरी तिकडे त्याचं नाव अजून निघतं.)

मग बाकीचे चाळीस क्लब काय बघतात? वरच्या सहांत येणं. युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धांत जाणं. शेवटचा न येणं, कारण बारावा थेट खालच्या गटात जातो आणि अकराव्याला खालून आलेल्याशी झुंजावं लागतं. 2014-15 पासून सगळ्यात खालच्या, 42 व्या क्लबालाही लीगबाहेर पडायची भीती आहे. 2016 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर असा पहिला बाहेर गेला. पंचावन्न लाखांच्या देशात, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी माणसांत, हे सगळं चालतं. डंडी शहरात तर दोन मोठ्या क्लबांची मैदानं एकाच रस्त्यावर आहेत.

क्लब म्हणजे नेमकं काय?

कंपनी बुडाली तर क्लब मरतो का? हा प्रश्न 2012 मध्ये रेंजर्सने विचारायला लावला. फेब्रुवारीत दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, जुनी कंपनी मोडीत निघाली, मालमत्ता नव्या कंपनीने घेतली. नव्या कंपनीला वरच्या लीगमध्ये जागा द्यायची का, यावर क्लबांनी मत दिलं: बहुमताने नाही. ज्यांच्या गल्ल्यावर आपलं पोट आहे त्यालाच त्यांनी दार बंद केलं. आपल्या प्रेक्षकांचा दबाव तसा होता. रेंजर्स चौथ्या स्तरावर गेला. तिथे ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्धच्या सामन्याला 49 हजारांवर माणसं आली. चार हंगामांनी तो वर परतला.

विरोधक म्हणतात, हा 2012 मध्ये जन्मलेला नवा क्लब. रेंजर्सवाले म्हणतात, दुकानाचा मालक बदलला, पाटी तीच. फुटबॉलच्या अधिकृत नोंदी 55 विजेतेपदं एकाच नावापुढे धरतात. मला स्वतःला पाटीचं म्हणणं पटतं, पण तेच मान्य करायचं तर खालची गोष्टही पचवावी लागेल. त्याच्या दहा वर्षं आधी एअर्ड्रीओनियन्स बुडाला. तिथल्या लोकांनी नवा क्लब काढला, पण लीगमधली मोकळी जागा ग्रेटना या दुसऱ्याच गावाला मिळाली. मग त्यांनी काय केलं? अडचणीत आलेला क्लायडबँक हा क्लब विकत घेतला, त्याचं नाव बदललं, आणि उचलून एअर्ड्रीला आणला. परमिटसाठी जुनी रिक्षा घ्यावी तसं. क्लायडबँकच्या प्रेक्षकांचा क्लब एका सहीत गेला. ग्रेटना मात्र पैसेवाल्या मालकाच्या जोरावर थेट वरच्या लीगपर्यंत चढला, मालक आजारी पडला, आणि 2008 मध्ये तोही संपला.

पाटीही उरली नाही, असा एक क्लब मूळ अकरांत होता. थर्ड लॅनार्क: बंदूकधारी स्वयंसेवकांच्या तुकडीतून 1872 मध्ये निघालेला, 1904 चा लीग विजेता. 1960-61 मध्ये त्यांनी लीगमध्ये 100 गोल केले आणि तिसरे आले. त्यानंतर सहा वर्षांत कारभार एवढा सडला की सरकारी चौकशी लागली. शेवटचा सामना 28 एप्रिल 1967 रोजी, डंबार्टनच्या मैदानावर, पहिल्या हंगामाच्या त्याच विजेत्यांविरुद्ध; 5-1 असा हरले. त्यानंतर 27 दिवसांनी त्याच ग्लासगोच्या सेल्टिकने लिस्बनमध्ये इंटर मिलानला 2-1 ने हरवून युरोपियन कप जिंकला, सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले. थर्ड लॅनार्कचं कॅथकिन पार्क आता सार्वजनिक बाग आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून आहेत, मधून झाडं उगवली आहेत, आणि हिरवळीवर पोरं खेळतात.